स्वेडचे बूट आणि घरचं क्लिनिंग किट : दिवाळीपासून गणपतीपर्यंत वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईतले लोक सुटतील. स्वेडचे, म्हणजे मखमलीसारखी लव असलेल्या कातड्याचे, बूट पुण्यात चालतात, पण वर्षातले आठ महिने. आणि सोबत घेतलेल्या किटमधल्या पाच वस्तूंपैकी खरोखर कामाच्या दोनच, ब्रश आणि खोडरबर. पाणी अडवणारा स्प्रे बरा आहे पण डब्यावर लिहिलंय तेवढा नाही. शॅम्पूची बाटली अजून पाऊण भरलेली आहे आणि मायक्रोफायबरचं कापड बायकोने केव्हाच गॅसची शेगडी पुसायला नेलं.

बूट घोट्यापर्यंतचे, वाळूच्या रंगाचे, पुढे लेसची मोजकी छिद्रं आणि खाली क्रेपचा, म्हणजे मऊ कच्च्या रबराचा सोल. हे वळण मूळचं क्लार्क्स या ब्रिटिश कंपनीच्या १९५० च्या डेझर्ट बूटचं, त्याच घराण्यातल्या नेथन क्लार्कने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पायात कैरोच्या बाजारात बनवून घेतलेले स्वेडचे बूट बघितले आणि त्यावरून तो काढला. माझे देशी आणि बरेच स्वस्त. हे सांगायचं कारण एवढंच की प्रकारच मुळात कोरड्या हवेतला आहे, तो जुलैत सिंहगड रोडच्या डबक्यात घालायचा आणि मग क्वालिटी नाही म्हणून बोंब मारायची याला अर्थ नाही.

स्वेड म्हणजे कातड्याची आतली बाजू घासून तिच्यावर काढलेली बारीक लव. साध्या लेदरला वर जो घट्ट गुळगुळीत थर असतो तो इथे नाहीच, त्यामुळे धूळ, तेल, पाणी जे येईल ते थेट आत. म्हणून स्वेडची सगळी साफसफाई कोरडी करायची, ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं आपोआप जमतं. आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही. "एवढं काय घासत बसतोस, ओल्या फडक्याने पुसून टाक की," हे दर रविवारी ऐकायला मिळतं. आणि कोपऱ्यावरच्या मोचीकाकांना सोल चिकटवायला बूट देताना मी आधीच सांगतो की काका पॉलिश अजिबात नको, कारण त्यांना बिचाऱ्यांना वाटतं बूट मळकट दिसतायत तर जरा चमकवून द्यावेत, आणि मेणाचं पॉलिश एकदा लवेत बसलं की ती चिकटते आणि मग ती मोकळी होणं जवळपास अशक्य.

ब्रशबद्दल. किटमध्ये दोन बाजूंचा ब्रश येतो, एका बाजूला मऊ नायलॉन, दुसऱ्या बाजूला पितळी तारा. रोज घरी आल्यावर नायलॉनच्या बाजूने मिनिटभर झटकायचं, बस. पुण्यात सध्या मेट्रो म्हणा, उड्डाणपूल म्हणा, खणलेल्या रस्त्यांची धूळ इतकी असते की दोन दिवस नाही झटकलं तर रंग करडा दिसायला लागतो, आणि ती धूळ आत राहिली आणि त्यावर जरा ओल लागली की तिचाच डाग. पितळी बाजू मात्र जपून. जिथे लव दबून चकाकायला लागते (माझ्या बुटांना टाचेच्या कडेला आणि बोटं वाकतात तिथे) तिथेच दोन-चार हलके हात. जोर लावला तर लव उठायच्या ऐवजी झडते आणि टक्कल पडतं. ब्रश एका दिशेने फिरवायचा, नाहीतर मखमलीवर बोट फिरवल्यासारखे फिके-गडद पट्टे दिसतात. ते डाग नसतात हे माहीत नसेल तर उगाच घासत बसाल.

आता खोडरबर, ज्याच्यासाठी मी हे किट परत घेईन. ज्यांच्याकडे गिअरची बाईक आहे त्यांना लगेच कळेल, डाव्या बुटाच्या चवड्यावर गिअरच्या लिव्हरने काळा पट्टा पडतो. फिक्या स्वेडवर तो इतका उठून दिसतो की उजवा बूट नवा आणि डावा सेकंडहँड घेतलाय असं वाटावं. पद्धत अशी: बूट पूर्ण कोरडा हवा, आतून मूठ घालून चवडा ताणून धरायचा, खोडरबर एकाच दिशेने हलकं घासायचं, काळपट भुकटी सुटते ती फुंकायची, परत घासायचं, मग नायलॉनचा ब्रश. पट्टा नव्वद टक्के जातो. राहिलेल्यासाठी मी बारीक सँडपेपरचा तुकडा (हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, ४०० नंबरचा) अगदी पुसटसा फिरवला, चाललं. पण दर आठवड्याला तेच घासायचं म्हणजे त्या जागची लव पातळ होणारच, ती झालीच आहे, उन्हात धरलं की दिसते. शेवटी लिव्हरला रबरी कव्हर बसवलं आणि बुटाच्या पुढच्या भागावर बांधायचा पट्टाही मिळतो तो घेतला. पट्टा बांधून सिग्नलला उभं राहिलं की लोक बघतात, बघू देत.

जीन्सचा निळा रंग हा दुसरा त्रास. नवी गडद जीन्स असेल तर बुटाच्या वरच्या काठाला निळी झाक येते. खोडरबराने थोडी जाते, पूर्ण नाही. पँट एक घडी वर दुमडा, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

तेलाचा किस्सा सांगायलाच हवा. ऑफिसच्या ग्रुपबरोबर मिसळ खायला गेलो होतो, शेजारच्याने तर्रीची वाटी सरकवली आणि टेबलाच्या कडेवरून धार थेट उजव्या बुटावर. तिथल्या तिथे फक्त टिश्यू दाबून धरला, पुसला नाही, पुसलं की पसरतं. घरी आल्यावर कॉर्नफ्लॉवरचा ढीग घातला त्या डागावर, चांगला जाड, आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पीठ पिवळट झालं होतं, झटकलं, परत नवं घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेल बऱ्यापैकी निघालं. टाल्कम पावडरनेही होतं, पण मग बुटाला आठवडाभर वास येतो. राहिली हळद. इथे साबण लावायचा मोह होतो पण हळदीला साबण लागला की ती लाल होते हे पांढऱ्या शर्टावर बघितलंय सगळ्यांनी, त्यामुळे किटमधला शॅम्पू मी त्या दिवशी उघडलाच नाही. कापसावर थोडं पांढरं व्हिनेगर घेऊन टिपलं, वास उडेपर्यंत पंख्याखाली ठेवलं, मग ब्रश. वाळूच्या रंगावर आता ओळखू येत नाही. करड्या किंवा निळ्या बुटावर हेच झालं असतं तर काय दिसलं असतं सांगता येत नाही.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत गुलाल पडला होता, तो मात्र सोपा गेला. पाणी न लावता व्हॅक्युमच्या बारीक नळीने ओढून घेतला आणि ब्रश मारला.

पाणी. मे महिन्यातल्या वळवाने कर्वे रोडला गाठलं आणि बूट चिंब. घरी येऊन आत कागद कोंबला, किराणा सामानाच्या पिशवीचा खाकी, कारण वर्तमानपत्राची शाई फिक्या अस्तराला लागते. कागद दोन-तीनदा बदलला, पंख्याखाली ठेवले, ऊन नाही, ड्रायर नाही. भराभर वाळवलं की कातडं कडक होतं, कमावताना त्यात मुरवलेली तेलं पाण्याबरोबर हलतात आणि तंतू एकमेकांना चिकटतात. जरा दमट असतानाच नायलॉन ब्रशने लव मोकळी केली की खूप फरक पडतो. माझ्या मित्राने त्याचे भिजलेले बूट एका शू लॉन्ड्रीला दिले, ते इतके कडक होऊन आले की त्याने घालणंच सोडलं, पैसे गेले ते वेगळेच.

थेंबाथेंबाचे डाग पडले तर गंमत उलटी आहे. एकाच ठिकाणी पाणी पडून वाळलं की कडेला गडद रिंग राहते, कारण पाणी मळ आणि रंग कडेला ढकलत जातं. त्यावर उपाय म्हणजे ब्रश किंचित ओला करून तो अख्खा पुढचा भाग सारखा दमट करायचा आणि सावकाश वाळू द्यायचा, म्हणजे कडच उरत नाही. आईला हे सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण तिच्या मते ती पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती.

स्प्रेबद्दल माझं मत मध्यम. बाल्कनीत, साधारण वीतभर लांबून, दोन पातळ हात, मधे वाळू द्यायचं, मग एक दिवस घालायचे नाहीत. पहिले काही आठवडे पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात, मग रोजच्या ब्रशने तो थर उतरत जातो आणि परत मारावा लागतो. सांडलेला चहा लगेच टिपलात तर वाचवतो. मुसळधार पावसात काही उपयोग नाही, पाणी शिवणीतून आणि सोलच्या जोडातून शिरतंच. रंग एक छटा गडद होतो, त्यामुळे आधी बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूला मारून बघा. घरात मारू नका, वास डोक्यात जातो.

जूनपासून बूट कपाटात. कापडी पिशवी, आत कागद आणि सिलिका जेलच्या पुड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, बुरशी हमखास. माझ्या एका बुटाच्या टाचेपाशी कापडी पिशवीतही पांढरी बुरशी आलीच थोडी, जुलैत कपाट उघडलं तेव्हा दिसली. गच्चीत नेऊन कोरड्या ब्रशने झटकली, मग मेडिकलमधून आणलेलं सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन हलकं टिपलं, परत आलेली नाही. तेव्हापासून ऊन पडलं की पिशवीतून काढून सावलीत हवेला ठेवतो.

क्रेप सोलचं मात्र काही जमलेलं नाही. कडा काळ्या पडल्यात, रबर स्वतःच चिकट असल्यामुळे रस्त्यावरचं सगळं धरून ठेवतं आणि उन्हाळ्यात जास्तच. साबणाच्या पाण्यात टूथब्रश बुडवून घासलं तर वरचा थर निघतो, पण मग पाणी स्वेडवर चढू नये म्हणून वर मास्किंग टेप लावत बसा, एवढा उत्साह मला दोनदाच आला. पुढचे घेईन ते गडद चॉकलेटी आणि साध्या रबरी सोलचे. किट अख्खं घेणार नाही, ब्रश आणि खोडरबर सुटे मिळतात आणि दोन्ही मिळून किटच्या निम्म्याच्या आत बसतात. शॅम्पूची उरलेली बाटली कोणाला हवी असेल तर कोथरूडला येऊन घेऊन जा.