तपकीर गल्लीतली बॅटरी-बदली: हात साफ, निदान कच्चं

फोनला मोठं अपडेट आलं की पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत, काउंटरोकाउंटरी एकच तक्रार ऐकू येते: "अपडेट मारलं आणि बॅटरी बसली." बॅटरी बदलून देण्याचं काम इथे झटपट होतं. कारागिरांचा हात बसलेला, सुटा भाग शेजारच्या दुकानातून पाच मिनिटांत हजर. उणीव एकच, पण मोठी. बॅटरी बदलायची गरज आहे का, हे बघायला फारसं कोणी थांबत नाही. गिऱ्हाईक "बसली" म्हणालं की गोंद सुटावा म्हणून मागचं झाकण तापवायला घेतलंच. म्हणून निदान घरूनच करून निघावं.

अपडेटमुळे बॅटरीतला सेल एका रात्रीत म्हातारा होत नाही. नवी प्रणाली बसल्यावर फोन ॲप नव्याने कंपाइल करतो, म्हणजे नव्या प्रणालीसाठी तयार करून घेतो, गॅलरी पुन्हा चाळतो, शोधासाठी सूची बांधतो, बॅकअप चढवतो. यातली बरीचशी कामं फोन चार्जरला लावून शांत पडलेला असतानाच उरकतात. तीन-चार रात्री वायफाय चालू ठेवून फोन चार्जरवर राहू द्या. दिवसा दहा-दहा मिनिटं चार्ज करून भागवणाऱ्यांच्या फोनमध्ये हेच काम आठवडाभर रेंगाळतं. अपवाद आहेत: गूगलने जानेवारी 2025 मध्ये पिक्सेल 4ए साठी दिलेल्या अपडेटनंतर काही फोनांची वापरता येणारी क्षमता खरोखरच घटली. पण ते मुद्दाम केलेलं होतं, सर्रास तसं नसतं.

पुण्यात आणखी एक घोळ होतो. आयफोनचं मोठं अपडेट सप्टेंबरात येतं, म्हणजे ऐन गणपतीच्या सुमारास. 2024 साली आयओएस 18 आलं 16 सप्टेंबरला आणि दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी. भर उन्हात पूर्ण ब्राइटनेसवर ढोल-ताशाचा व्हिडिओ, लाखोंच्या गर्दीत कोंडलेलं नेटवर्क आणि त्यात रात्रीच बसवलेलं अपडेट. संध्याकाळी फोन मेला तर त्यात नवल काय? मिरवणुकीच्या दिवसावरून बॅटरीची परीक्षा करू नये.

खरी परीक्षा रात्री होते. फोन विमान मोडवर टाका, टक्केवारी लिहून ठेवा आणि आठ तासांनी बघा. एक ते तीन टक्के उतरले असतील तर फोन नुसता पडून असताना काही गळत नाही. दुसऱ्या रात्री नेटवर्क चालू ठेवून तेच करा. आता दहाच्या वर गेलं तर दोषी नेटवर्क किंवा एखादं ॲप. घरात 5जी अर्धवट येत असेल तर फोन सारखा 4जी-5जी अशा उड्या मारतो. काही दिवस 4जी वर बांधून ठेवा. प्ले स्टोअरमधली सगळी ॲप अपडेट करा, कारण जुनं ॲप नव्या प्रणालीवर अडखळत राहतं. अँड्रॉइड सेफ मोडमध्ये (त्यात बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात) चालवून फरक पडला तर तुम्ही टाकलेल्या ॲपपैकीच कोणीतरी चोर आहे. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांवर रिकव्हरी नावाच्या दुरुस्ती मेनूत जाऊन कॅश पार्टिशन, म्हणजे प्रणालीच्या तात्पुरत्या फायली, पुसता येतात, त्याने डेटा जात नाही. मात्र फॅक्टरी रीसेटचा पर्याय त्याला चिकटूनच असतो, बोट जपून.

हे सगळं करूनही फोन 30 टक्क्यांवर कॅमेरा उघडताच बंद पडत असेल, तर सेलचा अंतर्गत रोध वाढलाय, म्हणजे एकदम जास्त वीज द्यायला तो कमी पडतोय. तेव्हा खुशाल गल्ली गाठा. आयफोनवर बॅटरी हेल्थ 80 च्या खाली गेली की वेळ झाली समजा. आयफोन 14 पर्यंतच्या बॅटऱ्या चार्जिंगच्या 500 पूर्ण चक्रांनंतर आणि 15 पासूनच्या 1000 चक्रांनंतर 80 टक्के उराव्यात, अशा बेताने बनवलेल्या आहेत. सॅमसंगवाल्यांनी सॅमसंग मेंबर्स ॲपमधली बॅटरीची तपासणी आधी करून घ्यावी. पाठ फुगलेली असेल तर मात्र परीक्षा-बिरीक्षा काही नको: चार्जिंग बंद, फोन बंद, लगेच दुकान.

मंडई मेट्रो स्थानकावरून गल्ली चालत गाठता येते. गाडी आणली तर पार्किंग शोधण्यात कामापेक्षा जास्त वेळ जाईल. काउंटरवर "ओरिजिनल" हा शब्द फार स्वस्त आहे. त्यात कंपनीचा सर्व्हिस पॅक (दुरुस्तीसाठी दिलेला अस्सल सुटा भाग) येतो, दुसऱ्या फोनमधून काढलेली बॅटरी येते आणि चकचकीत स्टिकरची कॉपीही येते. बॅटरी लावण्याआधी हातात घ्या. आयएस 16046 हा बॅटरीचा भारतीय मानक क्रमांक आणि त्याखालचा आर-नंबर (नोंदणी क्रमांक) आहे का, उत्पादनाची तारीख वाचता येते का, बघा. त्याच आकारात मूळ बॅटरीपेक्षा बरीच जास्त एमएएच (क्षमता) छापली असेल तर ती परत द्या. आयफोन एक्सएस-एक्सआर आणि पुढच्या मॉडेलांत बाहेरची बॅटरी लावली की सेटिंगमध्ये तसा संदेश येतो. तो टाळायला काही जण जुन्या बॅटरीची सर्किटची पट्टी नव्या सेलला वेल्ड करतात. वेल्ड कच्चं राहिलं तर फोन अधूनमधून आपोआप बंद पडतो, त्यामुळे आधी विचारून घ्या.

काम समोर होऊ द्या. बॅटरी मोकळी करायला धातूची पट्टी घातली तर तिथेच थांबवा. प्लॅस्टिकची पट्टी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हीच योग्य रीत. सगळ्यात कच्चा दुवा झाकण परत चिकटवण्याचा. जुना गोंद खरवडून नवी चिकटपट्टी लावली नाही, तर धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी 68 रेटिंग फक्त खोक्यावर उरतं आणि जुलैत दुचाकीच्या होल्डरवर लावलेल्या फोनमध्ये पाणी शिरतं. नवी पट्टी लावली तरी कारखान्यातल्याइतकी खात्री नसतेच.

बिल 18 टक्के जीएसटीसह पक्कं घ्या, त्यावर बॅटरीची वॉरंटी महिन्यांत लिहून घ्या. जुनी बॅटरी दुकानातच ई-कचऱ्यासाठी ठेवा, घरच्या सुक्या कचऱ्यात नको. निघण्यापूर्वी चार्जर लावून बघा, एक कॉल करा, फिंगरप्रिंट आणि मागचा कॅमेरा तपासा. झाकण उघडताना फ्लेक्स (आतली जोडणीची पातळ पट्टी) तुटली असेल तर इथेच कळेल. पहिले दोन-तीन दिवस टक्केवारी इकडेतिकडे उडी मारेल. फोनचं मोजमाप नव्या सेलशी जुळेपर्यंत तसं चालतं, तेवढ्यासाठी परत काउंटरवर जायला नको.