ओझोन अंतःक्षेपण विहिरींची सेवा: जनित्राआधी जमीन पाहावी

गळक्या इंधनटाक्यांमुळे किंवा कारखान्यांतील द्रावकांमुळे दूषित झालेले भूजल जागच्या जागी स्वच्छ करण्यासाठी ओझोन अंतःक्षेपण विहिरी, म्हणजे ओझोन वायू जमिनीखाली सोडणाऱ्या विहिरी, उभारून देण्याची सेवा आता अनेक कंपन्या देतात. भूजलाच्या कामामुळे ही सेवा मी जवळून पाहिली आहे. वाळूच्या थरात पसरलेल्या पेट्रोलजन्य दूषितांसाठी ती पाणी उपसून शुद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सेवादाता ओझोन तयार करणाऱ्या जनित्राच्या क्षमतेबद्दल भरभरून आणि जमिनीखालच्या थरांबद्दल मोघम बोलत असेल, तर त्याचा प्रस्ताव स्वीकारण्याची घाई करू नये.

या पद्धतीमागचे रसायनशास्त्र भक्कम आहे. ओझोनचे ऑक्सिडीकरण विभव, म्हणजे इतर पदार्थांचे ऑक्सिडीकरण करण्याची ताकद, २.०७ व्होल्ट आहे. याच कामासाठीच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे १.७८ आणि परमँगनेटचे १.६८ व्होल्ट आहे. शिवाय पाण्यात ओझोनचे विघटन होताना त्याहूनही प्रखर अशी हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. त्यामुळे बेंझीन, टोल्युइन, झायलीन, पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा एमटीबीई आणि ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावके यांचे रेणू फुटतात. ओझोन संपल्यावर मागे ऑक्सिजन उरतो आणि त्याच्या आधारे जमिनीतले जिवाणू उरलेले हायड्रोकार्बन पुढे पचवत राहतात. हा लाभ मला मुख्य परिणामाइतकाच मोलाचा वाटतो. याउलट कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या काही संयुगांवर ओझोनचा फारसा प्रभाव पडत नाही, तेव्हा दूषितांची संपूर्ण यादी प्रयोगशाळेकडून आल्याशिवाय बोलणीच सुरू करू नयेत.

ओझोन साठवून ठेवता येत नाही. पाण्यात त्याचे अर्धायुष्य मिनिटांतच मोजावे लागते, म्हणून तो जागेवरच तयार करावा लागतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून तो उच्च विद्युतदाबाच्या विसर्गातून नेला जातो आणि तयार झालेला वायू दूषित थराच्या खाली बसवलेल्या सच्छिद्र विसारकांतून सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने सोडला जातो. यंत्राकडे येणारी हवा पुरेशी कोरडी नसेल तर नायट्रिक आम्ल बनून जनित्र आतून खराब होते. म्हणून वायू कोरडा करणाऱ्या भागाची चौकशी आवर्जून करावी. नळ्या टेफ्लॉनच्या आणि जोड स्टेनलेस स्टीलचे असावेत, कारण साधे रबर ओझोनपुढे टिकत नाही. विसारकाच्या वरची पोकळी बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या मातीने) नीट बंद केलेली नसेल तर वायू विहिरीच्या कडेने सरळ वर निघून जातो आणि दूषित पाण्याला स्पर्शही करत नाही.

खरा कस जमिनीचा लागतो. एकसंध वाळूत बुडबुडे विहिरीभोवती काही मीटर पसरतात. पण वाळूच्या मध्ये चिकणमातीचा पातळ थर असला, तर वायू त्याच्याखाली अडतो, आडवा सरकतो आणि सापडेल त्या फटीतून वर जातो. त्या फटीजवळचे पाणी झपाट्याने स्वच्छ होते, तर चिकणमातीत मुरलेले दूषित जसेच्या तसे राहते. प्रत्येक विहिरीच्या प्रभावाची त्रिज्या पुस्तकातून घेतलेली आहे की जागेवर प्रायोगिक चाचणी करून मोजलेली आहे, हा प्रश्न मी सेवादात्याला सर्वांत आधी विचारेन.

ओझोनच्या मात्रेचा हिशेबही तितकाच बारकाईने तपासावा. कागदावरच्या समीकरणानुसार १ किलो ट्रायक्लोरोएथिलीनसाठी सुमारे ३६५ ग्रॅम ओझोन पुरतो. प्रत्यक्षात मातीतला सेंद्रिय अंश आणि क्षपित अवस्थेतले (अजून ऑक्सिडीकरण न झालेले) लोह व मँगनीज आपला वाटा आधी घेतात, आणि तो वाटा दूषितांच्या गरजेच्या कितीतरी पट असू शकतो. पाण्यावर इंधनाचा तरंगता थर असेल तर तो आधी काढून घेणेच योग्य, कारण त्याच्यावर ओझोन खर्च करणे निव्वळ अपव्यय आहे.

दुष्परिणामांबाबत मला कोणतीही सवलत मान्य नाही. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनमुळे ब्रोमेट तयार होते, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे केवळ १० मायक्रोग्रॅम आहे. मातीतल्या त्रिसंयुजी क्रोमियमचे विषारी षट्संयुजी क्रोमियममध्ये रूपांतर होण्याचा धोकाही खरा आहे. या दोन्ही तपासण्या काम सुरू होण्यापूर्वी, सुरू असताना आणि नंतर व्हायलाच हव्यात. वर येणारा वायू तळघरात किंवा गटारात साचू नये म्हणून ओझोन संवेदकही अनिवार्य मानावेत. कामगारांसाठी आठ तासांची सर्वसाधारण मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत केवळ ०.१ भाग आहे.

माझी मुख्य तक्रार अहवालांबद्दल आहे. एका सेवादात्याने यश दाखवण्यासाठी अंतःक्षेपण विहिरींच्या अगदी जवळचे आणि यंत्रणा चालू असतानाचे नमुने पुढे केले होते. असे आकडे चांगलेच येणार. यंत्रणा बंद केल्यावर बारीक मातीत दडलेले दूषित हळूहळू पुन्हा पाण्यात झिरपते, त्यामुळे काही महिन्यांनी दूरच्या निरीक्षण विहिरींत काय आढळते यावरच काम जोखले पाहिजे. ही निरीक्षणे आणि गरज पडल्यास दुसऱ्या फेरीची जबाबदारी करारात स्पष्ट लिहून घ्यावी, आणि देयकाचा काही भाग तोवर राखून ठेवावा.

ज्या जागी ऑक्सिजनविरहित पाण्यातले जिवाणू क्लोरीनयुक्त द्रावकांचे विघटन आधीच समाधानकारकपणे करत आहेत, तिथे मात्र ही सेवा घेऊ नये असेच मी सांगेन. ओझोन आणि त्यातून सुटणारा ऑक्सिजन त्या जिवाणूंना मारक ठरतो, आणि चालू असलेले काम थांबल्यावर ते पुन्हा उभे राहायला फार काळ लागू शकतो.