टेलिफोन बँकिंग: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

काचबिंदूमुळे माझी दृष्टी कमी होत गेली, तेव्हा स्मार्टफोनवरचे बँकेचे ॲप मला वापरता येईनासे झाले. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावापासून बँकेची शाखा १४ किलोमीटरवर आहे, आणि दर वेळी मुलाला किंवा पुतण्याला सोबत नेणे म्हणजे निवृत्तिवेतनाचा आणि कापसाच्या पैशांचा सगळा हिशेब त्यांच्यासमोर उघडा करणे. माझा हिशेब माझ्याजवळच राहावा, या एकाच इच्छेने मी नऊ महिन्यांपूर्वी टेलिफोन बँकिंग सुरू केले. त्यामुळे ही सेवा सोयीची आहे की नाही, यापेक्षा ती माझे पैसे आणि माझी माहिती कितपत सांभाळते, याविषयीच लिहितो.

सुरुवात चांगली झाली. नोंदणीकृत मोबाईलवरून बँकेच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन लावला, डेबिट कार्डाचा क्रमांक बटणांनी दिला, आलेला ओटीपी सुनेकडून वाचून घेऊन दाबला आणि चार आकडी टी-पिन, म्हणजे फोनवरच्या बँकिंगचा गुप्त क्रमांक, तयार केला. शाखेतल्या एका कर्मचाऱ्याने जन्मसाल ठेवण्याचा सल्ला दिला होता. तो मी मानला नाही, कारण ज्या शाळेत मी आयुष्यभर शिकवले त्या शाळेच्या निवृत्ती समारंभाच्या फलकावर ते साल ठळक अक्षरांत रंगवलेले आहे. टी-पिन तीन वेळा चुकला की सेवा बंद होते. एकदा माझ्याच हातून तसे झाले आणि नवीन पिन घेण्यासाठी पुन्हा कार्ड आणि ओटीपी लागला. त्रास झाला, पण कुलूप खरे आहे याची खात्रीही पटली.

पहिला धक्का बसला तो घरातच. मोबाईलला रेंज नसली की मी बैठकीतल्या लँडलाईनवरून फोन करीत असे, कारण ग्राहक क्रमांक आणि टी-पिन दिला की दुसऱ्या फोनवरूनही खात्याची माहिती मिळते. एका दुपारी नात त्या फोनशी खेळत होती. तिने रिडायलचे बटण दाबले आणि छोट्या पडद्यावर सरकत जाणारे आकडे मोठ्याने वाचू लागली. आधी टोल-फ्री क्रमांक, मग भाषेसाठी दाबलेला आकडा, मग माझा ग्राहक क्रमांक आणि शेवटी, एकेक आकडा सुटा करून, माझा टी-पिन. फोनने बँकेचा क्रमांक आणि त्यानंतर दाबलेली बटणे असा भेद केलाच नव्हता. त्याच संध्याकाळी मी पिन बदलला. तेव्हापासून लँडलाईन वापरावीच लागली, तर काम संपल्यावर रिसीव्हर उचलून दोन-चार फुकटचे आकडे दाबतो, म्हणजे रिडायलमध्ये तेच उरतात.

यानंतर मी बटणांच्या आवाजाकडे लक्ष देऊ लागलो. फोनचे प्रत्येक बटण दोन ठरावीक स्वर एकत्र पाठवते. ५ दाबले, की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे स्वर जातात. प्रत्येक आकड्याची जोडी वेगळी असते आणि पलीकडचे यंत्र तिच्यावरूनच आकडा ओळखते. म्हणजे ते स्वर ज्याच्या कानावर किंवा रेकॉर्डिंगमध्ये गेले, त्याच्याकडे माझा पिन गेला. पुतण्याच्या मोबाईलवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. एकदा मी त्याचा फोन वापरला होता. ते रेकॉर्डिंग त्याने मला ऐकवले, तेव्हा टी-पिनचे चारही स्वर स्वच्छ ऐकू आले. असे स्वर ओळखून आकडे लिहून देणारे सॉफ्टवेअर कोणालाही मिळू शकते. पुतण्या माझाच आहे आणि त्याच्यावर माझा विश्वासही आहे, तरीही ते रेकॉर्डिंग मी त्याला माझ्यासमोर पुसायला लावले.

गोपनीयता सर्वांत सहज फुटते ती मात्र शिल्लक ऐकताना. पलीकडचा आवाज स्वच्छ मराठीत पूर्ण रक्कम उच्चारतो आणि ती आधी हळू आवाजात सांगण्याची किंवा फक्त एसएमएसने पाठवण्याची सोय माझ्या बँकेत नाही. कापसाचे पैसे जमा झाले, त्या दिवशी मी ओट्यावर बसून स्पीकरवर शिल्लक ऐकली. शेजारी बसलेल्या आईने अहिराणीत एवढेच विचारले, "पैसा उनात का?" मी हो म्हणालो. गल्लीतून कोण गेले, हे मला दिसले नाही. पण दोन दिवसांनी दूरचा एक नातेवाईक बरोबर तेवढ्या रकमेचा अंदाज बांधून उसने पैसे मागायला आला. त्याला नाही म्हणताना जो संबंध दुखावला, तो आजही सावरलेला नाही. पैसे चोरीला गेले नाहीत म्हणून माझे काही नुकसान झाले नाही, असे मला म्हणता येत नाही. मिस्ड कॉलवर शिल्लक कळवण्याच्या सेवेत तर पिनही लागत नाही. ज्याच्या हातात माझा फोन, त्याला माझी शिल्लक कळते. ती सेवा मी बंद करून घेतली आहे.

प्रतिनिधीशी बोलतानाची पडताळणी मला फारच तोकडी वाटते. जन्मतारीख, आईचे नाव आणि पत्ता एवढे विचारून समाधान मानले जाते. आमच्या गावात आईचे नाव माहीत नाही असा माणूस शोधावा लागेल. शेवटच्या व्यवहाराची रक्कम विचारली, तर ती तरी फक्त मला ठाऊक असते. एक गोष्ट मात्र योग्य आहे: टी-पिन लागतो तेव्हा प्रतिनिधी कॉल पुन्हा यंत्राकडे वळवतो आणि आकडे स्वतः ऐकत नाही. अशा कॉलचे रेकॉर्डिंग बँकेकडे राहते, त्यामुळे जे बटणाने देता येते ते तोंडाने सांगू नये, हे मी पाळतो. त्याचबरोबर एसटीत किंवा किराणा दुकानात असे फोन करणे मी पूर्णपणे सोडले आहे.

आता बाहेरून येणाऱ्या फोनविषयी. पाचव्या महिन्यात एका गृहस्थाने फोन करून माझे नाव, शाखेचे नाव आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे बिनचूक सांगितले. केवायसी संपल्यामुळे खाते गोठणार आहे, असे म्हणून त्याने तारांकन, ४०१, पुन्हा तारांकन आणि पुढे एक मोबाईल क्रमांक दाबायला सांगितले. या संकेताने आपले कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात, आणि ओटीपी कॉलने सांगण्याची सोय असेल तर तो थेट चोराच्या कानात जातो. १५ एप्रिल २०२४ पासून कॉल वळवण्याचे असे संकेत बंद ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिला होता; तरी सांगणारे सांगतच आहेत. मी फोन ठेवला आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून चौकशी केली. खाते व्यवस्थित होते.

त्या दिवशी मला जे उमगले, ते असे. मी बँकेला फोन करतो तेव्हा मी कोण आहे हे चार प्रकारे सिद्ध करतो. बँक मला फोन करते तेव्हा ती कोण आहे हे सिद्ध करण्याची रीतच नव्हती. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले, की सेवेचे आणि व्यवहारांचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत. ही सुधारणा मला मनापासून स्वागतार्ह वाटते, कारण आकडा दिसत नसला तरी माझा फोन तो बोलून सांगतो. पण आमच्या शाखेतले अधिकारी हयातीच्या दाखल्यासाठी आजही स्वतःच्या साध्या मोबाईलवरूनच फोन करतात. हे अधिकारी सज्जन आहेत, मदतही करतात. मात्र त्यांच्या या सवयीमुळेच आमच्यासारख्यांना कोणत्याही दहा आकडी क्रमांकावरून आलेली 'बँक' खरी वाटू लागते.

पैसे पाठवण्याचा अनुभव थोडक्यात सांगतो. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय १२३पे सेवेतून मी खतविक्रेत्याला पैसे पाठवतो आणि ती नीट चालते. एका वेळची १०,००० रुपयांची मर्यादा मला अडचणीची वाटत नाही, उलट आधाराची वाटते. *९९# हा संकेत दाबून इंटरनेटशिवाय यूपीआय चालवण्याची दुसरी सेवा वापरून पाहिली आणि सोडून दिली, कारण त्यात यूपीआय पिन पडद्यावर उघडा दिसतो आणि माझ्याऐवजी तो शेजारच्याला दिसण्याची शक्यता अधिक.

सर्वांत मोठा उपयोग झाला तो धुळ्याच्या बसस्थानकावर पाकीट हरवले तेव्हा. कोणालाही वाचायला न लावता, बाकावर बसल्या बसल्या मी कार्ड बंद केले आणि तक्रार क्रमांक पाठ केला. हा क्रमांक जपणे महत्त्वाचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले, तर नुकसान त्याच्यावर येत नाही. पण पिन त्याने स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. पैसे गेलेच, तर बँकेबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावरही लगेच कळवायचे, एवढे मी आईलाही शिकवले आहे. तिच्या खात्याचा पिन तिने ठरवला तेव्हा मी खोलीबाहेर थांबलो होतो. "कोनले सांगू नको" असे मी म्हणताच, "तुले बी नही," असे तिने उत्तर दिले.

मी ही सेवा वापरत राहणार आहे. मोठी रक्कम आता वेगळ्या खात्यात आहे आणि फोनवर जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवतो. शिल्लक एसएमएसने मिळावी आणि शाखेचे सर्व कॉल १६०० च्या क्रमांकावरूनच यावेत, असा लेखी अर्ज मी शाखेत दिला असून त्याची पोच माझ्याकडे आहे. उत्तर येईपर्यंत शाखेतून मोबाईलवर फोन आला, की नमस्कार करून तो ठेवतो आणि पासबुकावरचा क्रमांक स्वतः लावतो. व्यवस्थापकांना याचे वाईट वाटले होते. आता तेच आधी म्हणतात, "गुरुजी, ठेवतो, तुम्ही लावा."