भांडं उलटं करून बघा: 'वाळवंटी' वाट्यांचा आमचा अनुभव

'वाळवंटाच्या रंगांची, हाताने घडवलेली' म्हणून सध्या समाजमाध्यमांवर जी सिरॅमिकची भांडी विकली जातात, ती मागवण्याआधी हे वाचा. कोकणात ज्यांचा होमस्टे आहे, खानावळ आहे, छोटं कॅफे आहे त्यांनी तर नक्कीच, कारण हे विक्रेते आता आपल्यासारख्यांनाच गाठतायत. आमचे पैसे बुडाले. त्याहून वाईट म्हणजे त्या वाट्यांतून आम्ही लोकांना सोलकढी पाजली.

गुहागरला आमचा घरगुती होमस्टे आहे. जेवण मी आणि सासूबाई करतो. पुण्या-मुंबईची मंडळी ताट समोर आलं की आधी फोटो काढतात, म्हणून यंदा पाहुण्यांसाठी ताटल्या-वाट्या नव्या आणि जरा देखण्या घ्यायच्या असं घरात ठरलं. शोधताना एक पान सापडलं. जैसलमेरजवळच्या सम इथल्या वाळूच्या टेकड्या, आणि शेजारी त्याच रंगाच्या वाट्या. एक संच पहाटेचा, फिकट गुलाबी. एक दुपारचा, भगभगीत पिवळा. एक संध्याकाळचा, विटकरी, काठाकडे जांभळट होत गेलेला. सोबत चाकावर फिरणाऱ्या हातांचा व्हिडिओ. मजकूर असा, की पोकरणच्या कुंभार कुटुंबाने हाताने घडवलेली स्टोनवेअर (जास्त तापमानावर भाजलेली टणक भांडी), रंग वाळवंटाच्या वाळूतूनच काढलेले, दोन भांडी कधीच सारखी नसतात, आणि खाण्या-पिण्यासाठी पूर्ण सुरक्षित.

ताटल्या-वाट्या मिळून ₹18,400 झाले. भट्टी लावायला आगाऊ रक्कम लागते, असं सांगून सगळे पैसे आधीच घेतले. ते एका व्यक्तीच्या खात्यावर गेले, दुकानाच्या नव्हे. बिल मागितलं तेव्हा 'पार्सलमध्ये मिळेल' म्हणाले. पार्सलमध्ये बिल नव्हतं.

भांडी दिसायला सुंदर होती, हे खरंच. सासूबाईंनी एकेक वाटी हातात फिरवून पाहिली आणि काचेच्या कपाटात मांडून ठेवली.

मोसम सुरू झाला आणि गुलाबी वाट्यांत सोलकढी वाढायला लागलो. इथेच गोष्ट लपून राहिली. सोलकढी मुळात गुलाबी, तिच्यात गुलाबी रंग उतरला तरी कळणार कोणाला? एका पाहुण्यांनी ताक मागितलं, ते त्याच वाटीत दिलं, आणि वाटी परत आली तेव्हा काठाच्या आत ताकाला फिकट गुलाबी कड धरलेली होती. वाटी धुऊन उजेडात धरली. जिथपर्यंत सोलकढी भरायचो तिथे गोल रेघेत रंग झिजून खालचा पांढरा पृष्ठभाग उघडा पडला होता. नखाने खरवडलं, तर पापुद्रा निघाला, पातळ, प्लास्टिकसारखा ताणला जाणारा. नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर कापसावर घेऊन फिरवलं, तर वाळवंटाची अख्खी पहाट कापसावर आली.

आमच्याकडे मडकी, चुली आणि श्रावणापासून गणपती करणारे एक कुंभारकाका आहेत. वाटी त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती पाहिलीही नाही नीट, आधी उलटी केली. मग म्हणाले, "वैनी, ह्यो भट्टीतला रंग नाय. आमी गणपतीला देतो तसा वरनं मारलाय." बाकीच्या वाट्याही आणायला सांगितल्या आणि पडवीत एका ओळीत मांडल्या.

प्रत्येक वाटीच्या आत चाकावर घडवताना उमटतात तशा बोटांच्या रेघा होत्या, आणि काठाच्या खाली अंगठा दाबल्याचा एक हलका खळगा. हाताने केल्याची खूण म्हणून आम्हाला तो खळगा फार आवडला होता. काकांनी एकेक वाटी उचलून त्या खळग्यात स्वतःचा अंगठा टेकवला. सगळ्या वाट्यांवर तो त्याच जागी, तेवढाच खोल, त्याच तिरक्या कोनात. रेघाही तशाच, एक रेघ मध्येच तुटलेली, तीसुद्धा सगळीकडे त्याच ठिकाणी. म्हणजे कुणीतरी कधीतरी एक वाटी हाताने केली, तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढला, आणि पुढच्या सगळ्या त्या साच्यात पातळ माती ओतून काढल्या. बाहेरच्या अंगाला साच्याच्या दोन भागांची सांध्याची बारीक रेघ होती, रंगाखाली दडलेली. साच्यातल्या मूर्ती करणाऱ्या माणसाला ती बोटाने लगेच लागली. बुडाला चिकटवलेली कापडी गोल चकती काढली, तर खाली ग्राइंडरने घासलेली जागा. कारखान्याचा शिक्का तिथे असणार, तो घालवला होता.

साच्यातलं भांडं वाईट नसतं, हे मुद्दाम सांगते. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातल्या खुर्जाला सिरॅमिकचा मोठा उद्योग आहे, तिथली भांडी आपण सगळे वापरतो, आणि ती त्याच नावाने आणि रास्त दराने विकली जातात. आम्हाला विकलेली पांढरी वाटीही मुळात बरीच होती. तिच्यावर डब्यातला रंग फवारून, वर वार्निश मारून, कुठल्यातरी गरीब कुंभाराची कहाणी जोडून कित्येक पट किंमत लावणं, आणि ती खाण्यासाठी सुरक्षित म्हणून सांगणं, ही फसवणूक.

कहाणीही नीट तपासली तर उभी राहत नाही. पोकरणची मातीची भांडी खरी आहेत, नावाजलेली आहेत, 2018 साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण ती भाजलेल्या मातीची, आपल्या मडक्यांच्या जातीची. गुळगुळीत झिलई, म्हणजे काचेसारखा थर, चढवलेलं स्टोनवेअर ही तिथली परंपरा नव्हे. जयपूरची निळी पॉटरी आणखी वेगळी. तिच्यात कुंभाराची माती नसतेच, गारगोटीची आणि काचेची पूड, मुलतानी माती, डिंक असं मिश्रण असतं, आणि निळा रंग कोबाल्टचा असतो. राजस्थान म्हटलं की सगळं एकच, असं समजून चालणाऱ्या गिऱ्हाइकावर या लोकांचा धंदा चालतो.

'रंग वाळूतूनच काढलेले' हे तर काकांनी एका वाक्यात निकालात काढलं. पिवळी माती भट्टीत घातली की पिवळी राहत नाही, तांबडी होते. वाळवंटातल्या वाळूचा पिवळा-तांबूस रंग आणि आपल्या जांभ्याचा लाल रंग, दोन्ही लोहाचेच. पिवळ्या मातीतल्या लोहाबरोबर पाणी बांधलेलं असतं, ते उष्णतेने निघून गेलं की उरतो तो गेरूचा लाल. त्यामुळे भट्टीतून वाळूसारखा पिवळा रंग हवा असेल तर कलाकाराला झिलईत टायटॅनियमची संयुगं किंवा तयार रंगद्रव्यं वापरावी लागतात. गुलाबी तर आणखी कठीण, तो बहुधा क्रोमियम आणि कथिलाच्या मिश्रणातून मिळवतात. हे सगळं प्रामाणिकपणे करणारे स्टुडिओ पॉटर, म्हणजे स्वतःच्या कार्यशाळेत भांडी घडवणारे कलाकार, आपल्याकडे आहेत. पाँडिचेरीला 1971 मध्ये सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीने भारतात स्टोनवेअरची एक अख्खी पिढी घडवली. असा माणूस तुम्हाला झिलईत काय आहे आणि भट्टी किती तापवली हे आनंदाने सांगतो. स्टोनवेअर साधारण 1200 ते 1300 अंशांवर भाजतात. त्या तापमानात झिलई वितळून काच होते आणि मातीशी एकजीव होते. ती नखाने निघत नाही, रिमूव्हरने पुसत नाही.

खाण्याचं म्हणाल तर दोन वेगळे धोके आहेत. एक आमच्यासारखा, म्हणजे वरून फासलेला रंग पोटात जाणं. तो रंग खाण्यासाठी बनवलेलाच नसतो. दुसरा न दिसणारा. कमी तापमानावर चकाकी आणायला काही झिलयांमध्ये शिसं घालतात, आणि भडक लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असू शकतं. आंबट पदार्थ त्यात राहिला की ते उतरतं, आणि डोळ्यांना काही दिसत नाही, चवीला काही कळत नाही. लहान मुलांना शिशाचा त्रास जास्त. आपल्याकडे कोकमाचं आगळ, चिंचेचं सार, कैरीचं लोणचं, लिंबू, सगळंच आंबट. महाराष्ट्रात इतरत्र जे भांडं चार वर्षं टिकेल त्याची परीक्षा आमच्याकडे एका मोसमात होते. त्या वाट्यांतून लहान मुलंही सोलकढी प्यायली, हे आठवलं की आजही मला अस्वस्थ वाटतं. ज्या पाहुण्यांचे नंबर होते त्यांना आम्ही फोन करून सगळं सांगितलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की हाताच्या कामात रंग थोडा जातोच, तेच त्याचं सौंदर्य. मग म्हणाले, खोक्यातल्या चिठ्ठीवर 'फक्त शोभेसाठी' असं लिहिलंय. चिठ्ठी पुन्हा काढली. मागच्या बाजूला, धुण्याच्या सूचनांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ते खरंच होतं. पानावर मात्र 'खाण्या-पिण्यासाठी सुरक्षित' असं ठळक लिहिलेलं. त्याचा स्क्रीनशॉट आमच्याकडे आहे. मग त्यांनी नंबर ब्लॉक केला.

यानंतर जे झालं ते नीट वाचा, कारण इथे आणखी मोठी रक्कम गेली असती. मी त्यांच्या पानाखाली तक्रार लिहिली, आणि लगेच एका माणसाचा फोन आला. गोड, अदबशीर हिंदी. 'रिफंड विभागातून बोलतोय मॅडम, पूर्ण पैसे परत देतो.' एक ॲप घ्यायला सांगितलं आणि मग आलेल्या लिंकवर यूपीआयचा पिन टाका म्हणाला. माझा पुतण्या शेजारी बसला होता, त्याने फोन हातातून घेऊन कट केला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. आणि ते ॲप आपल्या फोनची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं होतं. एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळणार म्हणून घाईत असतो, तेवढंच त्यांना पुरतं.

असा फोन आला आणि पैसे गेलेच, तर बँकेच्या रांगेत उभं राहण्याआधी 1930 या क्रमांकावर सायबर हेल्पलाइनला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मालाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. आम्ही तिथे नोंद केली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार केला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता राजस्थानात असो की आणखी कुठे. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. 'तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही' असं आम्हाला एकाने सांगून घाबरवलं होतं. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने वगळलेली नाही. घरच्या माणसांनी चालवलेल्या होमस्टेवाल्यांनी हे लक्षात ठेवा. 'विकलेला माल परत घेतला जात नाही' या वाक्यालाही घाबरू नका. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही, असं 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. त्याच नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता दिसायला हवा. आमच्या पानावर फक्त एक मोबाइल नंबर आणि उंटाचं चित्र होतं.

घेण्याआधी एक गोष्ट मागा: बुडाचा फोटो, तोही त्याच दिवशीचा, दोन-तीन भांडी शेजारी ठेवून. हाताच्या कामात बुडाची कडी बहुधा झिलईशिवाय कोरी असते, तिथे खरी माती दिसते, आणि दोन भांड्यांत फरक पडतोच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पाठवा म्हणावं, हाताच्या वाट्यांचं वजन थोडं थोडं वेगळं भरतं. चाकाचा व्हिडिओ पुरावा मानू नका, तो कुणाचाही असतो. आमच्या पानावरचा व्हिडिओ नंतर दुसऱ्याच एका पानावर सापडला, तिथे त्याच हातांना बंगालचे कुंभार म्हटलं होतं. पहिला नग एकच मागवा. त्यात लिंबाचा रस रात्रभर ठेवा आणि सकाळी तो भाग कोरड्या पांढऱ्या फडक्याने घासा. रंग फडक्यावर आला किंवा चमक गेली तर ते भांडं जेवणाला नको. रंग नाही आला तरी शिशाची खात्री यातून होत नाही, त्यासाठी विक्रेत्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि तो नसेल तर त्या भांड्यात आंबट काही ठेवू नका.

ते पान आता बंद आहे. तेच फोटो, तेच पहाट-दुपार-संध्याकाळ हे संच दुसऱ्या नावाने पुन्हा दिसू लागलेत, आता किंमत आणखी वाढवून. आमची तक्रार चालू आहे, पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्याकडे अशी वाटी असेल तर काठाखाली अंगठ्याचा खळगा आणि मध्येच तुटलेली रेघ आहे का बघा. असेल तर वाटी फेकू नका, खोकं आणि चिठ्ठीही जपून ठेवा, पैसे दिल्याचा पुरावा काढा आणि 1915 वर स्वतःची तक्रार नोंदवा.