कांगारू पट्टा: दोघांनी मिळून वापरला, आठ महिन्यांनंतर त्याबद्दल

कमी दिवसांच्या बाळाला आई-बाबांच्या उघड्या छातीशी धरून ठेवणारा हा पट्टा आम्ही आधीपासून ठरवून घेतलेला नाही. बाळाच्या खरेदीची यादी करायलाही अजून वेळ होता. बायकोला ३१ आठवडे पूर्ण झाले होते, डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, चार दिवसांचे कपडे भरून आम्ही निघालो आणि दुसऱ्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी तिचं पाणी गेलं. शहर अनोळखी, रुग्णालय कुठलं गाठायचं तेही माहीत नाही. फाइल घरी राहिली होती. फोनमध्ये सोनोग्राफीचे आणि रक्ततपासणीचे फोटो होते, त्यावरच पुढचं सगळं झालं. (गरोदरपणात प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला मी आता एवढं एकच सांगतो: फाइल सोबत ठेवा.)

बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं दिली. दोन्हींत २४ तासांचं अंतर ठेवावं लागतं. तेवढा वेळ कळा थोपवून धरता आल्या हे आमचं नशीब. दुसऱ्या इंजेक्शननंतर काही तासांत सिझर झालं. मुलगा, १४६० ग्रॅम. मला तो दिसला तो थेट काचेच्या उबदार पेटीतच. नाकाला सीपॅपच्या (श्वासाला हवेचा दाब देणाऱ्या यंत्राच्या) नळ्या, पायाला लाल दिवा लावलेली पट्टी, आणि अंगावर कापड म्हणून फक्त डायपर, तोही त्याला छातीपर्यंत येणारा.

चौथ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "बाबा, शर्ट काढा आणि खुर्चीत मागे रेला." बायकोचा ताप उतरत नव्हता म्हणून पहिली पाळी माझी लागली. दोघी सिस्टरनी नळ्या सांभाळत त्याला उचललं आणि माझ्या उघड्या छातीवर उभा ठेवला. वर दुमडलेली चादर. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. दहा मिनिटांनी मॉनिटरवरचे आकडे स्थिरावले. पेटीत सतत वरखाली होणारं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, तासभर जवळजवळ हललं नाही.

पण चादर हे काही खरं साधन नाही. दोन्ही हात बाळाखाली अडकलेले, अर्ध्या तासात खांदे भरून येतात, चादर सरकते, मान खाली झुकते. इतक्या लहान बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाटच अरुंद होते. त्यामुळे मी सगळा वेळ त्याच्या मानेकडे बघत बसायचो. पट्ट्याची गरज इथून सुरू झाली.

आधी माझी चूक सांगतो, कारण ही चूक बरेच जण करत असतील. घाईत मी फोनवरून बाळाला पुढे बांधून फिरण्याचं नेहमीचं बेबी कॅरिअर मागवलं. आलं तेव्हा वजनाची अट वाचली: कमीत कमी साडेतीन किलो. आमचं बाळ दीड किलोचंही नव्हतं. हे कॅरिअर मोठ्या, मान धरू लागलेल्या बाळांसाठी असतं. त्यात लहान जीव खाली घसरतो आणि दुमडतो. ते न उघडता परत पाठवलं. कांगारू केअरचा, म्हणजे बाळाला त्वचेला त्वचा लावून छातीशी ठेवण्याच्या पद्धतीचा, पट्टा ही वेगळी वस्तू आहे: रुंद, ताणणारं सुती कापड, जे आई किंवा बाबाच्या छातीला बाळाला घट्ट धरून ठेवतं. खांद्यावरचे बंद, बकल, गाद्या काही नाही.

मग दोन पट्टे घेतले. एक बनियनसारखा डोक्यातून घालायचा, शिवण नसलेला गोल. दुसरा पाठीमागून आणून पुढे वेल्क्रोने लावायचा.

गोल पट्टा बायकोला सोसला नाही. टाक्यांवर त्याची खालची कड यायची, आणि नळ्या असलेल्या बाळाला वरून आत सरकवणं दोन माणसांचं काम. वेल्क्रोचा पट्टा आधी बाळ छातीवर ठेवून मग लावता येतो, म्हणून एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) तोच चालला. मात्र त्याचा आवाज मोठा आहे. सोडताना खर्रकन वाजतो आणि बाळ दचकतं. सॅच्युरेशनही खाली येतं. आम्ही तो कापडाखाली बोट घालून इंच इंच सोडायला शिकलो. घरी आल्यावर, नळ्या सुटल्यावर, गोल पट्टा जास्त आवडता झाला, विशेषतः माझा. मापाची मात्र काळजी घ्या. आम्ही दोघांसाठी एकच माप घेतलं होतं, ते मला बरोबर आणि तिला सैल झालं. सैल पट्टा म्हणजे घसरणारं बाळ. गोल प्रकार घेणार असाल तर दोघांचे दोन घ्या.

बांधायची पद्धत आम्हाला सिस्टरनी चार दिवस रोज करून दाखवली, आणि पट्ट्यासोबत आलेल्या कागदापेक्षा ती फार चांगली होती. बाळ उभं, डोकं एका कुशीला वळवलेलं आणि किंचित मागे, बेडकासारखे पाय दुमडलेले. पट्ट्याची वरची कड कानाच्या जरा खाली. छातीपाशी घट्ट, पोटापाशी सैल, कारण एवढी बाळं पोटाने श्वास घेतात आणि पोटाला फुगायला जागा लागते. ही शेवटची गोष्ट कागदावर नव्हती. अंगावर फक्त डायपर, टोपी, मोजे. मध्ये झबलं घातलं की सगळा उपयोग गेला, त्वचेला त्वचाच लागली पाहिजे.

हात मोकळे राहण्याचा खरा फायदा मला सहाव्या दिवशी कळला. कमी दिवसांच्या बाळाचा मेंदू श्वास घ्यायला विसरतो, २० सेकंद किंवा जास्त थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात. त्यासाठी त्याला कॅफीन चालू होतं. तरी तो माझ्या छातीवर असताना थांबला. अलार्म वाजायच्या आधी मला ते कळलं, कारण छातीवरची ती बारीक हालचाल बंद झाली होती. मी पाठीवरून बोटं फिरवली आणि त्याने श्वास घेतला. सिस्टर पोचेपर्यंत आकडे वर आले होते. चादर असती तर माझे हात त्याच्याखालीच अडकलेले असते.

कांगारू केअरची ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे सुरू झाली. पेट्या कमी पडत होत्या, एका पेटीत एकापेक्षा जास्त बाळं ठेवावी लागायची, म्हणून एदगार रेय सानाब्रिया या डॉक्टरांनी आईच्या छातीचीच पेटी केली. मला वाटायचं, चांगली यंत्रं असतील तिथे याची गरज नसणार. मग २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीबद्दल वाचलं. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर व्हायची वाट न बघता छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाचे ८ ते २४ तास कांगारू केअर द्यावं अशी शिफारस केली.

आठ तास हा आकडा वाचायला सोपा आहे. आम्ही पाळ्या लावून दहा-अकरापर्यंत पोचलो, आणि त्यातले निम्मे माझे होते. इथे एक तक्रार नोंदवतो. रात्रपाळीला काही जण वडिलांना आत घ्यायला तयार नव्हते. "आई येऊ दे, बाबांचं काय काम," असं म्हणून मला दोनदा बाहेर बसवलं, तेव्हा बायको तापाने पडून होती आणि बाळ पेटीत होतं. डॉक्टरांशी बोलल्यावर ते थांबलं. वडिलांच्या छातीवरही बाळ तेवढंच गरम राहतं, माझ्यावर त्याचं तापमान कायम ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या मधेच असायचं. असं कोणी सांगितलं तर शांतपणे डॉक्टरांना विचारा, मुकाट्याने उठू नका.

नळीचं दूधही तो पट्ट्यात असतानाच घ्यायचा. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. आमच्याकडे ३४व्या आठवड्यात तो स्वतःच तोंड फिरवून काहीतरी शोधायला लागला, माझ्या छातीवर. मी बायकोला हाक मारली, तिने तिथूनच त्याला घेतलं, आणि तो पहिल्यांदा दोन घोट प्यायला. एनआयसीयूत दोघंही रडलो.

३७ दिवसांनी सुट्टी मिळाली. वजन २०५० ग्रॅम. डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी चौथ्या आठवड्यात आत असतानाच झाली होती, पुढच्या तपासणीसाठी त्याच शहरात खोली घेऊन थांबलो. नंतर परत जायचा प्रवास. तेव्हा पट्ट्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची सूचना मिळाली: चालत्या मोटारीत पट्टा नाही. धक्का बसला तर बाळ तुमच्या आणि समोरच्या सीटच्या मधे चिरडतं. मोटारीत कारसीटच हवी, आणि कमी दिवसांच्या बाळाचं कारसीटमध्ये डोकं पुढे पडून ऑक्सिजन कमी होऊ शकतो म्हणून आधी रुग्णालयात तिच्यात बसवून मॉनिटरखाली बघून घ्यावं. आम्ही रेल्वे निवडली. पूर्ण वाट तो पट्ट्यात झोपला, आम्ही आलटून पालटून जागे राहिलो.

जागं राहणं हा दुसरा नियम. पट्टा घालून सोफ्यावर डुलकी काढू नका. एका रात्री माझे डोळे मिटले, जाग आली तेव्हा त्याचं नाक माझ्या काखेकडे वळलेलं होतं. त्यानंतर झोप आली की बाळ दुसऱ्याकडे किंवा पाळण्यात, पाठीवर.

टिकाऊपणाबद्दल. दोन्ही पट्टे रोज धुतले, दूध आणि लघवी यांना पर्याय नाही. वेल्क्रोमध्ये दोन महिन्यांत धागे अडकले आणि पकड अर्धी झाली. जुन्या दातघासणीने साफ केल्यावर थोडी परत आली. गोल पट्ट्याचं कापड चार महिन्यांनी सैलावलं. आतल्या बाजूला शिवलेलं लेबल बाळाच्या मांडीला घासत होतं, तिथे लाल चट्टा उठला. घेतल्याबरोबर ते काढून टाका. उकाड्यात दोघंही घामाने भिजतो, त्याला मला उपाय सापडला नाही, पंखा लांब ठेवून दर तासाला कोरडं करणं एवढंच.

प्रसूतीच्या मूळ तारखेच्या आसपास तो पट्ट्यात पाय मारू लागला, हात बाहेर काढू लागला. हीच थांबायची खूण, असं सिस्टरनी सांगून ठेवलं होतं. त्यानंतर कागदावरची चार किलोची मर्यादा येईपर्यंत फक्त रडताना थोडा वेळ वापरला. आता तो आठ महिन्यांचा आहे, सुधारित वय, म्हणजे मूळ तारखेपासून मोजलेलं, सहा. पट्ट्याच्या टोकाला धरून ओढणं हा त्याचा खेळ आहे.

गेल्या महिन्यात तपासणीसाठी त्याच रुग्णालयात गेलो. एनआयसीयूबाहेर एक जोडपं बसलं होतं, पायाशी चाकांची बॅग, तिच्यावर प्रवासाचा टॅग तसाच. वेल्क्रोचा पट्टा उकळून धुऊन सोबत नेला होता. त्या माणसाला कड कानाखाली आणि पोटाशी सैल, हे दोनदा करून दाखवलं. गोल पट्टा कोणाला देण्यासारखा राहिलेला नाही, तो घरीच आहे.