पिकिया यीस्टमधून एन्झाइम: मिथेनॉलवर की ग्लुकोजवर?

पिकिया यीस्टकडून फायटेज किंवा लायपेजसारखं एन्झाइम करून घ्यायचं, तर त्याच्या जनुकापुढे कोणता प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) लावायचा, मिथेनॉलवर चालणारा एओएक्स१ की ग्लुकोजवर चालणारा जीएपी, हे आधीच ठरवावं लागतं.

एओएक्स१मध्ये पेशी आधी लिटरला ४० ग्रॅम ग्लिसरॉलवर वाढवायच्या. ते संपलं की मिथेनॉलचं फीड. वाढ आणि उत्पादन वेगळं राहतं, म्हणून पेशींना जड जाणारं एन्झाइमही निघतं. पण मिथेनॉल पचवताना यीस्ट भरमसाट ऑक्सिजन ओढतं आणि उष्णताही तशीच सोडतं. मुंबईत मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच तिशीच्या आसपास असतं. त्यावर फर्मेंटर (यीस्ट वाढवायची टाकी) ३० अंशांवर टिकत नाही, पाणी आणखी गार करणारा चिलर हवाच. फीड जास्त होतंय का, हे बघायला ते क्षणभर थांबवा. विरघळलेला ऑक्सिजन अर्ध्या-एक मिनिटात उसळला तर ठीक. रेंगाळला तर मिथेनॉल साचतंय; फीड उतरवा, नाहीतर पेशी मरतील. शिवाय मिथेनॉल ज्वालाग्राही, म्हणजे विजेच्या फ्लेमप्रूफ मोटारी आणि परवाने आलेच.

जीएपी ग्लुकोजवर चालतो, त्यामुळे मिथेनॉलची कटकट नाही. शहरातल्या लहान युनिटला आम्ही तोच सुचवू, फक्त एन्झाइम पेशींना बाधणारं नसावं. ते पहिल्यापासून बनत राहतं, त्यामुळे बाधलं तर वाढच खुंटते. ऑक्सिजन अपुरा आणि ग्लुकोज जास्त झालं, की इथेनॉल बनू लागतं.