शेतातली एएसी ब्लॉकची खोली, एकट्याच्या हाताने: नऊ महिन्यांनंतर

रावेर-यावल पट्ट्यात ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, मोटारीचं स्टार्टर आणि खताच्या गोण्या ठेवायला शेतात खोली लागतेच. उघड्यावरच्या नळ्या उंदीर-खारी कुरतडतात. मार्चमध्ये सहा इंची एएसी ब्लॉकमध्ये (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक) उभ्या केलेल्या 10 बाय 8 फुटांच्या खोलीने आतापर्यंत मेचं ऊन, जूनच्या तोंडावरचं वादळ आणि पूर्ण पावसाळा काढला आहे. ज्याने आयुष्यात कधी थापी धरली नाही, त्यानेही भिंतीचं काम एकट्याने खुशाल करावं.

कारण ब्लॉकच्या मापात आहे. 600 बाय 200 बाय 150 मिलिमीटरचा कोरडा ब्लॉक 11 ते 13 किलो भरतो आणि सात-आठ विटांची जागा घेतो. आठ फूट उंचीला फक्त 12 थर. दार-खिडकी वजा जाता 206 ब्लॉक लागतात. तुटफूट धरून 220 आणावेत. जोडणीच्या तयार मसाल्याच्या 40 किलोच्या तीन गोण्या पुरतात. कापायला साधी मोठ्या दातांची करवत चालते.

खरी जोखीम जमिनीखाली आहे. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर थेट बांधलेली भिंत पहिल्याच पावसाळ्यात तडकते. अडीच-तीन फूट खोदून सहा-सहा इंचांच्या थरात मुरूम टाकावा, प्रत्येक थर पाणी मारून धुमसावा. वर कोबा आणि 10 मिलिमीटरच्या चार सळ्यांचा जोत्याचा पट्टा. या पट्ट्यावर सात दिवस ओलं पोतं ठेवायचं, घाई करायची नाही.

आता पहिला थर. एकट्याने काम करताना मनात धाकधूक असते ती इथेच, आणि ती जातेही इथेच. कोपरा काटकोनात आहे का हे गवंड्याला विचारावं लागत नाही. दोन्ही कर्ण 12 फूट 9 इंच 5 सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरले की काटकोन झाला. चारही कोपऱ्यांची पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून बघायची. नळीत बुडबुडा अडकला तर खोटी पातळी दिसते, म्हणून आधी नळी हलवून बुडबुडे काढावेत. हा पहिला थर एकास सहाच्या साध्या सिमेंट-वाळूत, साधारण इंचभर जाडीवर बसवायचा, म्हणजे जोत्याचा खालवर त्यात जिरतो. याला एक अख्खा दिवस द्यावा. तो सरळ बसला की पुढचे थर ओळंबा आणि दोरी सांगतील तसे चढतात, आणि चौथ्या थरापासून हात आपोआप सरळ चालतो.

वरच्या थरांना तयार मसाला फक्त तीन मिलिमीटर. सगळ्यात जास्त घोटाळा याच सांध्यात होतो. तापलेला, धुळीने माखलेला ब्लॉक मसाल्यातलं पाणी क्षणात ओढून घेतो. वरून पक्का दिसणारा ब्लॉक दुसऱ्या दिवशी हाताने ढकलला तरी सुटतो आणि खाली मसाल्याची कोरडी पापडी राहते. ब्लॉकवर कुंचा मारावा, ओल्या ब्रशने पुसावं, पण विटेसारखा पाण्यात बुडवू नये. खानदेशच्या उन्हात सकाळी सहा ते दहा हीच कामाची वेळ. दिवसाला पाच-सहा थरांपेक्षा जास्त चढवू नये.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून पावसाळ्यानंतर केसाएवढी तिरकी भेग निघाली. खिडकीखाली आडवा सळईचा पट्टा दिला नाही की असं होतं. त्या पातळीला तीन इंची पट्टा पूर्ण भिंतीभर फिरवावाच. लिंटेल, म्हणजे दार-खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना किमान सहा इंच भिंतीत टेकायला हवं. प्लास्टर भिंत उभी राहिल्यावर दोनेक आठवड्यांनी, एकास सहाचं करावं. जास्त सिमेंट म्हणजे जास्त पक्कं, हा समज इथे उलटतो. एकास चारचं कडक प्लास्टर तडकतं. काँक्रीट आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे कोंबडजाळी ठोकायची.

छप्पर मात्र एकट्याचं काम नाही. पत्रा चढवताना दुसरा माणूस हवाच. पत्र्याखालच्या पाइपांचे बोल्ट भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात गाडलेले असावेत. नुसत्या ब्लॉकमध्ये ठोकलेले बोल्ट केळी आडव्या पाडणाऱ्या वाऱ्यात उपटून येतात.

भिंती दुपारी हाताला गरम लागत नाहीत. आतली धग पत्र्याची असते. पांढरा रंग दिल्यावर ती जाणवण्याइतकी कमी होते. स्टार्टरसारखं जड काही टांगायचं तर ड्रिलचा हातोडा बंद ठेवून भोक पाडावं आणि लांब नायलॉनचा प्लग वापरावा, साधा महिन्याभरात ढिला पडतो. आणि पत्र्याच्या नटांखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होतात, म्हणून मृगाआधी एकदा वर चढून पाना फिरवून घ्यावा.